दुसरा मेल

चिमणीचा एक मोजा सापडत नव्हता, गॅसवरचं दूध वर यायच्या बेतात होतं आणि वहिनी पलंगाखाली अर्ध्या शिरल्या होत्या, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दारावर बोटं वाजवणारा माणूस एक तर घाईत असतो, नाहीतर संकोचात.

"कोण आहे? थांबा जरा!" वहिनी पलंगाखालूनच ओरडल्या.

मोजा मिळाला. तो चिमणीकडे फेकून, केसातली जळमटं झटकत त्यांनी दार उघडलं, तर बाहेर मामा. वहिनींचा नवरा कपडे धुण्याच्या ज्या कारखान्यात काम करायचा, तिथले त्याचे जोडीदार. वयाने मोठे, अंगाने आडवे, सगळ्या कारखान्याचेच मामा. आज त्यांचा सुट्टीचा वार असावा, कारण शर्ट बाहेर जायचा होता.

"सूनबाई, उतरला का ताप?"

"कोणाचा?"

"कोणाचा काय! आमच्या घडीसाहेबांचा. फोन उचलत नाही, मुकादमाचाही उचलत नाही. म्हटलं, जाऊन बघू तरी जिवंत आहे का. माझ्या समोरच्या टोकाला एक नवा पोरगा दिलाय, चादर अशी ओढतो की जणू रस्सीखेच चाललीय."

"मामा, ते केव्हाच गेले कामाला. रोजच्यासारखा डबा घेऊन गेले."

मामांची नजर वहिनींच्या खांद्यावरून आत गेली.

"दूध," ते म्हणाले.

दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं. वहिनींनी गॅस बंद केला, फडकं घेतलं, आणि ते हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आठवडा होत आला की," मामा दारातूनच म्हणाले. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

*

घडीसाहेब हे नाव मामांनीच ठेवलेलं. हॉस्पिटलांच्या चादरी धुऊन, पिळून त्या कारखान्यात तापलेल्या रुळांच्या यंत्रात जायच्या आणि दुसऱ्या बाजूने कोरड्या, सपाट होऊन बाहेर पडायच्या. तिथे दोन टोकांना दोन माणसं. दोघांनी कोपरे धरायचे, ताणायचे, एकमेकांकडे चालत यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं. दिवसभर हाच नाच. बोटांची टोकं भाजून भाजून अशी गुळगुळीत झालेली, की घडीसाहेबांच्या फोनला त्यांचा ठसा ओळखू यायचा नाही. घडी मात्र अशी की कोपऱ्यावर कोपरा, दोऱ्यावर दोरा. घरी आले तरी हात थांबायचे नाहीत. बसचं तिकीट, प्लास्टिकची पिशवी, चिमणीच्या चॉकलेटचा कागद, सगळ्याची घडी.

आणि नियमाच्या बाबतीत तर बोलायलाच नको. रस्ता रिकामा असला तरी माणसाचा दिवा हिरवा होईपर्यंत फुटपाथवर उभे. औषधाच्या बाटलीवर 'जेवणानंतर' लिहिलेलं असलं तर दोन घास खाल्ल्याशिवाय खोकल्याचं औषध घ्यायचे नाहीत.

"तुम्ही स्वप्नातसुद्धा रांगेतच उभे राहत असाल," वहिनी म्हणायच्या.

"मग? मध्येच घुसू?" ते अगदी मनापासून विचारायचे.

परक्या देशात राहायचं तर असं राहावं लागतं, हे त्यांचं साधं गणित होतं. कामाचा व्हिसा त्यांच्या नावावर, आणि त्या एका व्हिसाच्या आधाराने वहिनी आणि चिमणी. तो गेला की दोन खोल्या गेल्या, शाळा गेली, तिघांचं इथलं सगळंच गेलं. म्हणून ते इतके जपून चालायचे. काचेची भांडी घेऊन चालतो ना माणूस, तसे.

वहिनींचं तसं नव्हतं. त्या कॉलेज शिकलेल्या, तोंडाने धीट, आणि इमारतीत त्यांचा एक दरारा होता. वरच्या मजल्यावरच्या आजींना बँकेतून बोलतोय म्हणून कोणीतरी फोन केला, तेव्हा वहिनींनी फोन हातात घेऊन त्या माणसाला असं झापलं की त्यानेच ठेवून दिला. तेव्हापासून कोणाला बक्षीस लागलं, कोणाचं पार्सल अडकलं, कोणाचं खातं बंद पडलं, की तो मेसेज आधी वहिनींपुढे यायचा. त्या चष्मा न लावता एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, "खोटा. पुसून टाका." आजवर एकदाही चुकल्या नव्हत्या.

फक्त घरातला मेसेज तेवढा त्यांच्यापर्यंत आला नव्हता.

*

चिमणीला शाळेत सोडून त्या घरी आल्या आणि बसून राहिल्या. नवऱ्याचा फोन बंद. मनात नाही नाही ते येत होतं. दुसरी बाई? छे. हा माणूस दुसऱ्या बाईकडे जायचं तर आधी परवानगीचा अर्ज देईल. मग आजार? दारू? विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली, तेव्हा जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. कामाची पाळी सुटल्यावर जशी वाजायची तशीच, त्याच वेळेला.

घडीसाहेबांनी चपला जोडीने ठेवल्या, डबा ओट्यावर ठेवला.

"कसं होतं काम?" वहिनींनी विचारलं.

"नेहमीचंच."

"मामा आले होते."

घडीसाहेब तसेच उभे राहिले. मग खुर्चीवर बसले, आणि त्यांचे हात समोरच्या टेबल पुसायच्या फडक्याची घडी घालायला लागले. घातली, मोडली, पुन्हा घातली.

"कुठे जाता रोज?"

"हॉस्पिटलात."

"काय झालंय तुम्हाला?"

"मला काही नाही झालं. तिथे बाहेरच्या हॉलमध्ये बाकं असतात ना, तिथे बसतो. तिथे कोणी विचारत नाही का बसलाय म्हणून. सगळेच बसलेले असतात." थोडं थांबून ते म्हणाले, "स्ट्रेचरवरच्या चादरी आपल्याच कारखान्याच्या आहेत. ओळखू येतात. एक वाकडी टाकली होती, ती सरळ केली तर नर्सने विचारलं, तुमचा पेशंट कोणता?"

"अहो, पण का?"

त्यांनी फोन काढला, चालू केला आणि बायकोपुढे ठेवला. मेलवर सरकारी वाटावं असं एक मोठं चिन्ह होतं आणि खाली लाल अक्षरांत मजकूर. प्रिय अर्जदार, तुमचा व्हिसा रद्द करण्यात आला आहे. या क्षणापासून काम करणे हा गुन्हा आहे. मालकाला कळवल्यास मालकावरही कारवाई होईल. प्रकरण मिटेपर्यंत कोणत्याही कार्यालयाशी संपर्क साधू नये. पासपोर्टचे फोटो ताबडतोब पाठवा, खालच्या पानावर दंड भरा आणि पुढच्या सूचनेची वाट पाहा.

"पाठवले फोटो?"

"पाठवले."

"आणि पैसे?"

"दंड भरायचा होता. पण ते पान माझ्या फोनवर उघडतच नव्हतं."

"देवा, चांगलं केलंस रे बाबा," वहिनी म्हणाल्या. देवाला की त्या जुन्या फोनला, कोण जाणे. "मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तूही गुन्ह्यात आली असतीस. आणि कामावर गेलो असतो तर मुकादम अडकला असता. त्याची काय चूक?"

वहिनींना एकाच वेळी रडू आणि हसू येत होतं. त्यांनी फोन जवळ ओढला. आता त्या त्यांच्या रोजच्या जागेवर होत्या, लोकांचे मेसेज तपासायच्या जागेवर.

"इकडे बघा. यात तुमचं नाव कुठंय?"

"अर्जदार लिहिलंय की."

"तो तर कोणीही असतो. व्हिसा तुमचा, मग तुमचं नाव नको? नंबर नको? आणि हा पत्ता बघा, जिथून आलाय तो. पुढे ऑफिसचं नाव आणि मागे हे कसलं शेपूट? सरकारी ऑफिस असल्या फुकटच्या पत्त्यावरून मेल पाठवतं? आणि हे चिन्ह! कुठूनतरी उचलून ताणलंय, कडा बघा कशा फाटल्यात. कोणाला सांगू नका, कोणाला विचारू नका. असं कोण म्हणतं? चोर म्हणतो."

घडीसाहेब मेलकडे नाही, बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

"म्हणजे?"

"म्हणजे खोटा आहे हो! धडधडीत खोटा! तुमच्या व्हिसाला काही झालेलं नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. शाळेतून आल्यावर शेजारी खेळायला गेलेली चिमणी दारात आली होती, ती घाबरून म्हणाली, "बाबा रडतात?" तर वहिनी म्हणाल्या, "नाही गं, तुझे बाबा मोठ्ठे बावळट आहेत, म्हणून हसतात." आणि मग तिघंही खरंच हसायला लागली. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू. तेव्हा कोणाला माहीत होतं!

हसता हसताच वहिनींनी मेलची यादी खाली-वर केली. त्यात आदल्या दिवशीचा आणखी एक मेल होता, न उघडलेला. वर एवढंच लिहिलेलं : व्हिसा रद्द केल्याबाबत.

"हा घ्या, पुन्हा तेच. पहिल्याला घाबरलात, म्हणून दुसरा सोडला."

"तो आला तेव्हा माझ्याच्याने उघडवला नाही," घडीसाहेब म्हणाले. "वाचून तर बघ."

"काय वाचायचं? चोर ओळखल्यावर त्याच्या भावाला कोणी चहाला बोलवतं का?"

वहिनींनी तो न उघडताच पुसला. पहिलाही पुसला. मग टोपलीत गेलेलंही सगळं कायमचं पुसलं, कारण अशा मेलमधून फोनला कीड लागते असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

घडीसाहेबांचा जीव भांड्यात पडला होता, पण पुरता नाही. "एकदा ऑफिसला फोन करून विचारू या का?" ते म्हणाले. "व्हिसाच्या कागदावर नंबर आहे."

इथे वहिनी थांबल्या. व्हिसावर राहणाऱ्या माणसांमध्ये एक समज असतो, कोणी कोणाला न शिकवता पसरलेला. ऑफिसला आपण होऊन काही विचारायचं नाही. आपली फाइल हजारोंच्या ढिगात तळाला पडून आहे, ती तिथेच बरी. विचारायला गेलं की ती वर येते, वर आली की कोणीतरी उघडतं, आणि उघडली की काही ना काही निघतंच. मामा तर त्या ऑफिसच्या रस्त्यानेसुद्धा जायचे नाहीत, बस वळसा घेणारी पकडायचे. धीट तोंडाच्या वहिनींच्याही मनात ती भीती बसलेली होतीच.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "मी सांगते ना खोटा आहे म्हणून. उगाच झोपलेल्याला कशाला उठवायचं? उद्या सरळ कामावर जा आणि मुकादमाला जे झालं ते सांगा."

बायको सांगते म्हटल्यावर प्रश्न मिटला. त्या संध्याकाळी घडीसाहेब पोटभर जेवले.

*

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. मुकादम गाडीबरोबर हॉस्पिटलांच्या फेरीवर गेला होता. मामांनी त्यांना बघितल्याबरोबर नव्या पोराला हाताला धरून बाजूला केलं. "जा बाळा, तू टॉवेल मोज. आमचे साहेब आले."

पुढचं वहिनींना मामांकडूनच कळलं, आणि सांगताना मामांचा आवाज इतका बारीक झाला होता की दोनदा विचारावं लागलं.

न सांगता कामगार आला नाही, तर काही दिवसांनी मालकाला व्हिसा ऑफिसला कळवावंच लागतं. मुकादमाने होता होईल तितकं थांबून, शेवटी कारखान्याच्या वरच्या मजल्यावरून कळवलं होतं. व्हिसा ऑफिसने व्हिसा रद्द केला होता, आणि तसा मेलही पाठवला होता. नाव होतं, नंबर होता, चिन्हबिन्ह काही नव्हतं. साध्या काळ्या अक्षरांतला तीन ओळींचा मेल. काम करू नये, आणि काही म्हणायचं असेल तर या नंबरवर कळवावं. खाली यंत्रावर हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी व्हिसा ऑफिसची दोन माणसं गैरहजेरीचे कागद न्यायला आली, आणि जाता जाता त्यांनी सहज विचारलं, हा माणूस कुठे काम करायचा? कारकून त्यांना दाखवायला खाली घेऊन आला, तर घडीसाहेब चादरीचं टोक धरून उभे.

"तो काय म्हणाला माहितीय?" मामा म्हणाले. "म्हणाला, एवढी घडी पुरी करू का? अर्धी टाकून कसा येऊ? ती माणसंसुद्धा थांबली गं. पुरी केली त्याने. मीच नीट धरू शकलो नाही."

जे काम करणं गुन्हा आहे म्हणून तो माणूस आठवडाभर बाकावर बसून राहिला, ते करताना तो सापडला होता. आणि त्याला तिथे बायकोने पाठवलं होतं.

*

त्यांना डांबून वगैरे ठेवलं नाही. विचारपूस करून घरी सोडलं आणि बोलावू तेव्हा यायला सांगितलं. वहिनी बरोबर गेल्या. खिडकीपलीकडच्या अधिकारी बाई मध्यम वयाच्या होत्या, आवाज चढवत नव्हत्या. वहिनींनी पहिल्या मेलपासून सगळं सांगितलं, न रडता, न थांबता.

"तो पहिला मेल आमचा नव्हता," बाई म्हणाल्या.

"ते मी ओळखलं होतं."

"दुसरा आमचा होता."

वहिनींची नजर हातातल्या व्हिसाच्या कागदावर गेली.

"मेल खरा की खोटा हे त्याच्या तोंडाकडे बघून नेहमी कळत नाही. म्हणून आम्ही व्हिसावर नंबर छापतो. त्या नंबरवर फोन करायचा, आपला क्रमांक सांगायचा, आम्ही लगेच सांगतो. पहिला मेल आला त्या दिवशी तुम्ही विचारलं असतं, तर आम्ही म्हटलं असतं, तुमचा व्हिसा व्यवस्थित आहे, कामावर जा." बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणी विचारतच नाही."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, वहिनींना भांडता आलं असतं.

निर्णयाचा कागद घरी आला. महिनाअखेरीच्या आत तिघांनी देश सोडायचा होता. आणि कारणांमध्ये एक ओळ होती : व्हिसा रद्द झाल्याचे माहीत असून जाणूनबुजून काम केले.

घडीसाहेबांनी तो कागद एकदाच वाचला. देश सोडण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. "जाणूनबुजून," एवढंच म्हणाले, आणि कागद परत दिला.

त्यानंतर त्यांनी एक विचित्र गोष्ट सुरू केली. प्रत्येक गोष्टीला विचारायला लागले. नळ सोडू का, चालेल ना? दिवा लावला तर चालेल? बाहेर गॅलरीत उभा राहू का थोडा? एकदा तर खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी चिमणीला विचारलं, "बसू ना गं?" चिमणीला वाटलं खेळ आहे. ती म्हणाली, "नाही, उभे राहा!" आणि ते खरंच उभे राहिले. वहिनी स्वयंपाकघरातून येऊन त्यांना हाताला धरून बसवेपर्यंत उभे होते.

सामान बांधायला मामा येत होते. इमारतीतल्या बायका येत होत्या, भांडी घेऊन जात होत्या, डोळे पुसत होत्या. वरच्या आजी एकदा फोन घेऊन आल्या. "बघ गं जरा, हे काय आलंय? खरं की खोटं?" सवयीने हात पुढे केला होता त्यांनी. वहिनींनी फोनकडे बघितलंच नाही.

"मला नका विचारू, आजी. ज्यांच्या नावाने आलंय त्यांच्या ऑफिसात फोन करा. तिथला नंबर आपल्या कागदावरून घ्या, मेसेजमधून नको."

"अगं, पण तुला तर बघूनच कळतं!"

"नाही कळत," वहिनी म्हणाल्या आणि चादरी बांधायला वळल्या. त्यांना नीट घडी जमत नव्हती. ज्याला जमायची तो शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

मग एका सकाळी त्यांनी चिमणीला मामांकडे ठेवलं आणि घरात कोणाला न सांगता एकट्याच निघाल्या. ज्या रस्त्याने त्यांच्या ओळखीचं कोणी जात नसे, त्या रस्त्याने बसने गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीपलीकडे त्याच बाई होत्या. त्यांनी वहिनींना ओळखलं आणि काही ऐकायच्या आधीच मान हलवली.

"निर्णय बदलण्याचा अर्ज आता घेता येणार नाही. ते कागदावरच लिहिलंय."

"माहीत आहे. त्यासाठी नाही आले."

"मुदत वाढवून हवीय?"

"नाही. आम्ही निघतोय, तिकिटं काढलीत." वहिनींनी तो कागद काचेखालच्या फटीतून आत सरकवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "मेल मी पुसला होता, न वाचता. त्यांनी तो कधी वाचलाच नाही, मी खोटा म्हटलं म्हणून ते कामावर गेले. माझं नाव लिहायचं तर लिहा, पुढे आम्हाला कुठे व्हिसा मिळाला नाही तरी चालेल. या ओळीतला 'जाणूनबुजून' हा शब्द तेवढा काढा, आणि तो काढलेला कागद मला द्या. मला तो घरी नेऊन त्यांना दाखवायचाय."